व्हेंटिलेटर काढायचा की नाही: खान्देशातल्या कुटुंबांसाठी क्रमवार मार्गदर्शन

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयसीयूबाहेर बसलेल्या कुटुंबांसमोर बहुतेक वेळा दोनच वाटा ठेवल्या जातात. एक म्हणजे ‘डामा’वर सही करायची, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून स्वतःच्या जबाबदारीवर नेतो असं लिहून द्यायचं, आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबत रुग्णाला अँब्युलन्समधून गावी न्यायचं. दुसरी म्हणजे शेत गहाण पडेपर्यंत मशीन चालू ठेवायचं. तिसरी वाट, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळाचं मत घेऊन दवाखान्यातच रीतसर उपचार थांबवणं, कायद्याने २०१८ पासून उघडी आहे आणि २०२३ मध्ये ती बरीच सोपी झाली. ती वापरली जात नाही, किंवा उलट्या क्रमाने वापरली जाते: आधी ‘नळ्या काढी टाका’ असं ठरतं, मग कारणं शोधली जातात, कागद तर कुणाला आठवतच नाहीत. हा लेख त्या तिसऱ्या वाटेचा आहे. बेशुद्ध आणि प्रतिसाद न देणाऱ्या प्रौढ रुग्णापुरताच तो लागू धरा.

## आधी हद्द समजून घ्या

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं सांगितलं. बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवायला त्या निकालाने परवानगी दिली. पद्धत फार किचकट होती, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुटसुटीत केली. आज चालते ती हीच पद्धत. ‘हायकोर्टाची परवानगी आणा’ असं कुणी सांगत असेल तर तो २०११ च्या अरुणा शानबाग निकालातला नियम सांगतोय.

जे चालत नाही ते एका वाक्यात: मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं हा गुन्हा आहे, मग घरचे कितीही हात जोडोत. उपचार थांबवल्यावर आजार आपल्या वाटेने जातो. कायदा आणि नीती दोन्ही या फरकावर उभी आहेत.

आणखी एक. व्हेंटिलेटर मुळात न लावणं आणि लावलेला काढणं यांत नैतिकदृष्ट्या फरक नाही, असं वैद्यकीय नीतिशास्त्र मानतं. मनाला मात्र फरक पडतो, काढणारा हात दिसतो म्हणून. हे डॉक्टरांनाही होतं. ‘एकदा लावलं की काढता येत नाही’ हे जे सर्रास ऐकू येतं ते कायद्यातून आलेलं नाही, या भीतीतून आलेलं आहे.

## टप्पा १: निदान नावासकट लिहून घ्या

‘कोमात आहे’ हे निदान नव्हे. डॉक्टरांना विचारा: यातलं नेमकं काय?

कोमा. डोळे मिटलेले, हाक मारली किंवा चिमटा घेतला तरी जाग नाही. ही अवस्था सहसा काही आठवडेच टिकते. नंतर रुग्ण सुधारतो, दगावतो किंवा खाली दिलेल्या एखाद्या अवस्थेत जातो.

व्हेजिटेटिव्ह अवस्था. डोळे उघडतात, झोप-जाग चालते, जांभई येते, डोळ्यांतून पाणीही येतं, पण भान नाही. घरच्यांची सगळ्यात जास्त ओढाताण इथेच होते. ‘माझ्याकडे बघितलं’ असं बायको म्हणते आणि डॉक्टर म्हणतात तो रिफ्लेक्स आहे, म्हणजे भान नसतानाही आपोआप होणारी हालचाल. अपघाताच्या मारानंतर ही अवस्था वर्षभर टिकली आणि ऑक्सिजन तुटल्याने आलेली तीन महिने टिकली, तर भान परतण्याची शक्यता फार कमी उरते. त्याआधी ‘कायमची’ हा शब्द कुणी वापरत असेल तर आधार विचारा.

किंचित भान असलेली अवस्था. कधी सांगितलेलं करतो, कधी नाही. याला व्हेजिटेटिव्ह समजण्याची चूक जगभर होते, म्हणून एका तपासणीवर शिक्का मारू नये.

मेंदूमृत्यू. हा १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून जाहीर करायचा मृत्यू आहे. छाती हलते ती मशीनमुळे. इथे ‘बरा होईल का’ हा प्रश्नच उरत नाही. अवयवदानाचा विषय कुणी काढला तर तो या तपासणीनंतरच यायला हवा, आधी नाही.

भान तपासताना भाषेकडे लक्ष द्या. धडगाव-अक्कलकुव्याकडची आजी, जिला आयुष्यभर पावरीखेरीज काही कळलं नाही, तिला परगावची सिस्टर हिंदीत ‘आँखें खोलो’ म्हणते आणि केसपेपरवर ‘आज्ञा पाळत नाही’ असं चढतं. डॉक्टरांसमोर घरच्या माणसाने तिच्या भाषेत सांगावं. अमळनेर-पारोळ्याकडच्या म्हाताऱ्याला अहिराणीत ‘आबा, डोया उघाड’ म्हणून पाहावं. चेहऱ्यासमोर आरसा धरून सावकाश हलवला तर नजर मागोमाग जाते का, हीसुद्धा मान्य तपासणी आहे. दिवसातून दोन-तीन वेळा, झोपेचं औषध उतरल्यावर हे करायला सांगा.

> थांबा. या रुग्णांबाबत निर्णय लांबवा.
> मण्यार चावलेला रुग्ण हुबेहूब मेंदूमृत दिसू शकतो: बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही, हातपाय ढिले, स्वतःचा श्वास नाही. मेंदू मात्र शाबूत असतो. व्हेंटिलेटरवर काही दिवस तग धरला तर असा रुग्ण उठून घरी जातो. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी असा सापडला, तर दंशाची खूण दिसत नसली तरी सापाची शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला. मण्यारीच्या दाताची खूण बहुधा दिसतच नाही.
> कपाशीवर फवारायचं ऑर्गनोफॉस्फेट औषध पोटात गेलेल्यांचंही तसंच. सुधारतोय असं वाटत असताना एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडतात. तो शेवट नसतो, मशीनचा आधार लागणारा टप्पा असतो.
> हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्यांत किमान ७२ तासांआधी मेंदूचं भाकीत करत नाहीत.

तपासा: झोपेचं औषध शेवटचं कधी दिलं? किडनी बिघडली असेल तर ते अंगातून जायला वेळ लागतो. सोडियम, साखर, शरीराचं तापमान ठीक आहे का? सीटी किंवा एमआरआय आणि न्यूरॉलॉजिस्टचं मत फाइलला आहे का? यातलं काही राहिलं असेल तर पुढचा टप्पा वाचू नका.

निदान धूसर असेल तेव्हा ‘ठरावीक मुदतीचा प्रयत्न’ हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवायचे, त्या दिवसांत कोणत्या खुणा दिसल्या तर पुढे जायचं आणि कोणत्या दिसल्या नाहीत तर थांबायचं, हे आधीच लिहून ठेवायचं. तारीख ठरलेली असली की रोज सकाळी नव्याने भांडण होत नाही.

## टप्पा २: घरच्यांची एकच बैठक, एकच प्रश्न

प्रश्न असा: *तो आज बोलू शकला असता तर काय म्हणाला असता?* ‘आम्हाला काय झेपतं’ हा वेगळा प्रश्न आहे, त्याची जागा पुढच्या टप्प्यात.

उत्तर शोधताना ठोस आठवणी काढा. शेजारचे नाना डायलिसिसवर होते तेव्हा आबा काय म्हणाले होते? स्वतःच्या आईच्या वेळी त्यांनी काय केलं? अशी वाक्यं, कुणासमोर आणि कधी बोलले यासकट, कागदावर उतरवा. टप्पा ४ मधल्या वैद्यकीय मंडळासमोर ती उपयोगी पडतात. रुग्णाने आधीच लिहिलेलं वैद्यकीय इच्छापत्र (कोणते उपचार नकोत हे सांगणारा कागद) असेल तर त्याची मूळ प्रत आणा.

बैठकीला कोण हवं? बायको किंवा नवरा, मुलगे आणि मुली. मुलगी सुरतला दिली आहे, तिला नंतर कळवू, असं करू नका. चुलत्यांचं मत घ्या, पण दहा जणांचा फड नको. न्यायालयाने नातेवाइकांची उतरंड लावून दिलेली नाही, त्यामुळे जवळच्या एकाचाही लेखी विरोध असला तर दवाखाना हात आखडता घेतो. डॉक्टरांशी बोलायला एक माणूस नेमा. सकाळी थोरला ‘सगळं करा’ आणि संध्याकाळी जावई ‘काढून टाका’ म्हणाला की डॉक्टर कुणाचंच ऐकत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.

> इशारा: बेशुद्ध माणसाचा अंगठा कशावरही उठवू नका. बँकेची पावती, पीककर्ज, वाटणीपत्र, सातबाऱ्याचा अर्ज, काहीही. ‘वेळ नाही’ म्हणून शाईचं पॅड आयसीयूत नेणारे भाऊबंद असतात. हा फौजदारी गुन्हा आहे. शिवाय पुढे व्हेंटिलेटरच्या निर्णयावर कुणी शंका घेतली तर पहिलं बोट याच कागदाकडे जातं. इलाजासाठी त्याच्या खात्यातले पैसे लागत असतील तर बेशुद्ध व्यक्तीचा पालक नेमण्यासाठी हायकोर्टात अर्ज करता येतो.

## टप्पा ३: पैशाचा प्रश्न वेगळा काढा

पैसा संपणं लाजेचं नाही. पण ‘उपचाराचा उपयोग नाही’ आणि ‘उपचार परवडत नाही’ ही दोन वाक्यं एकात मिसळली की चूक होते. डॉक्टरांना सरळ विचारा: पैसा भरपूर असता तर तुम्ही काय सल्ला दिला असता? उत्तर ‘चालू ठेवा’ असं आलं, तर तुमचा प्रश्न उपचार थांबवण्याचा नाही, जागा बदलण्याचा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही केस बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात व्हेंटिलेटरची खाट आहे का ते निघण्याआधी फोन करून पक्कं करा. मग रीतसर रेफर चिठ्ठीवर हलवा, डामावर नाही.

डामावर का नको? सही तुमची असते म्हणून पुढची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते. वेदनाशामक आणि झोपेची औषधं दवाखान्याच्या दारात सुटतात आणि रुग्ण रस्त्यात घुसमटत जातो. जो मृत्यू शांत होऊ शकला असता तो एरंडोलच्या पुढे कुठेतरी, ड्रायव्हर आणि घाबरलेल्या पुतण्यासमोर होतो.

## टप्पा ४: लेखी अर्ज आणि प्राथमिक मंडळ

दवाखान्याच्या प्रमुखाच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात निदान, दाखल तारीख, तुमचं नातं आणि एवढंच वाक्य पुरे: सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमून उपचार पुढे चालू ठेवण्याबाबत मत द्यावं. ‘आम्हाला काढायचंच आहे’ असं लिहू नका, मत मागा.

मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ असतात. तज्ज्ञांना किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. ते त्याच दवाखान्याचे असावेत अशी अट नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे तेवढे डॉक्टर नाहीत’ हे उत्तर शेवटचं मानू नका. चोपडा-शहाद्याच्या लहान दवाखान्यात खरंच अवघड असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी हलवण्याचा विचार करा. मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आहे. लेखी इच्छापत्र नसेल तेव्हाही हाच रस्ता आहे. मग मंडळ कुटुंबाशी बोलतं, फायदे-तोटे समजावतं, आणि जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती घेतं.

मंडळाला एक गोष्ट मुद्दाम विचारा: *नेमकं काय काय थांबवायचं?* व्हेंटिलेटर, डायलिसिस, बीपी टिकवणारी औषधं, अँटिबायोटिक, नाकातल्या नळीतलं अन्न, प्रत्येकाची वेगळी ओळ हवी. नळीतून दिलेलं अन्न वैद्यकशास्त्र उपचारातच मोजतं, पण घरच्यांना ते घास काढून घेण्यासारखं वाटतं. त्यावर आधीच बोललं नाही तर ऐनवेळी सगळं अडतं.

## टप्पा ५: दुय्यम मंडळ आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं

प्राथमिक मंडळाने ‘थांबवावं’ असं म्हटलं की दवाखाना दुय्यम मंडळ नेमतो. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि आधीच्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. गाडी अडते ती इथे, कारण ते नाव कुणी द्यायचं हेच ठाऊक नसतं. आपल्याकडे पहिली चौकशी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात करा. दवाखान्याचं पत्र हातात असल्याशिवाय जाऊ नका. यांनाही शक्यतो ४८ तासांची मुदत आहे.

दोन्ही मंडळांचं एकमत झालं की अंमलबजावणीआधी दवाखाना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतो. कळवतो, परवानगी मागत नाही. २०१८ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी येऊन रुग्णाला पाहायचं होतं, ती अट २०२३ मध्ये गेली. हे पत्र दवाखान्याने पाठवायचं असतं. तुम्ही फक्त त्याची प्रत मागा.

सीमेवरच्यांसाठी: नंदुरबार-नवापूरचे रुग्ण सुरतला जातात, रावेर-मुक्ताईनगरचे बऱ्हाणपूर-इंदूरला. अधिकारी आणि दंडाधिकारी दवाखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथले. सुरतच्या दवाखान्यासाठी धुळ्याहून चिठ्ठी आणण्यात वेळ घालवू नका.

मतभेद झाला तर: मंडळाने नकार दिला किंवा दोन मंडळांचं जुळलं नाही तर नातेवाईक, डॉक्टर किंवा दवाखाना घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जाऊ शकतात. तिन्ही जिल्ह्यांसाठी ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर इथलं खंडपीठ. पण नकाराचं कारण आधी नीट वाचा. कित्येकदा त्यात ‘अजून वेळ द्या’ एवढंच म्हटलेलं असतं, आणि तो सल्ला चांगला असतो.

## टप्पा ६: प्रत्यक्ष दिवस

स्विच बंद केला आणि संपलं, असं होत नाही. होऊही देऊ नका.

1. वेळ ठरवा, शक्यतो दिवसाची. बाहेरगावचे येऊन पोचू द्या. कुणाला गंगाजल, तुळशीचं पान द्यायचं असेल, दुआ पढायची असेल तर आधीच सांगा. पाणी तोंडात ओतू नका, ओठ ओले करा.
2. स्नायू ढिले करणारं औषध चालू नाही ना, हे डॉक्टरांना विचारा. ते चालू असेल तर त्रास होत असूनही दिसत नाही.
3. मॉर्फिन आणि झोपेचं औषध नळी काढण्याआधी सुरू व्हायला हवं. त्रास कमी करण्यापुरत्या मात्रेत दिलेलं मॉर्फिन म्हणजे मारण्याचं इंजेक्शन नव्हे. घशातली घरघर कमी करायलाही औषध असतं.
4. रक्त काढणं, अलार्म, बोटाला लावलेला चिमटा आधी बंद. मॉनिटरचा पडदा फिरवून ठेवायला सांगा, नाहीतर सगळे रुग्णाऐवजी आकड्यांकडे बघत बसतात.
5. मग बीपीचं औषध, मग व्हेंटिलेटर हळूहळू कमी, मग नळी. हा क्रम डॉक्टर रुग्णानुसार बदलतात.
6. एकाने हात धरावा. बाकीचे आळीपाळीने.

काही मिनिटं लागतात, कधी तास, क्वचित दिवस. स्वतःचा श्वास असलेला व्हेजिटेटिव्ह रुग्ण व्हेंटिलेटर काढल्यावर लगेच जात नाही. म्हणून पाहुण्यांना ‘दुपारी चारला अंत्यविधी’ असा निरोप आधी पाठवू नका. हे लिहावं लागतंय, कारण असे निरोप जातात.

उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही. तोंड पुसणं, कूस बदलणं, लघवीची पिशवी, दुखण्यावरचं औषध चालूच राहतं. सिस्टर फिरकत नसतील तर मागणी करा.

## टप्पा ७: नंतरचे कागद

अपघात, सर्पदंश, विषबाधा, मारहाण या एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे नोंद होणाऱ्या केसेस आहेत. दाखल होऊन दोन महिने झाले असले तरी पोलिसांना कळवणं, पंचनामा आणि पोस्टमार्टम होणारच. दंडाधिकाऱ्यांना पत्र गेलं म्हणून यातून सुटका नाही. शेतकरी कुटुंबांनी तर पोस्टमार्टम टाळूच नये: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, त्यात सर्पदंशही येतो, आणि कागद नसले की तालुका कृषी कार्यालयातून फाइल परत येते. डामावर घरी आणून गावात दहन केलेल्यांचे दावे इथेच अडकतात.

बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवता येत नाही. दोन्ही मंडळांची मतं, संमतीपत्र आणि डेथ समरी यांच्या प्रती त्याच दिवशी मागा.

## शुद्धीवर असलेल्यांसाठी

वरची अर्धी ओढाताण टळते ती लेखी वैद्यकीय इच्छापत्राने. शुद्धीवर असलेली कुठलीही प्रौढ व्यक्ती ते करू शकते. ठरावीक छापील नमुन्याची सक्ती नाही, मराठीत साध्या कागदावर चालतं. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे स्पष्ट लिहा. ‘मला त्रास देऊ नका’ एवढ्याने काहीच कळत नाही. निर्णय घेणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्या व्यक्तींची नावं द्या आणि आधी त्यांना विचारा. दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. न्यायदंडाधिकाऱ्यांची सही आता लागत नाही.

एक प्रत नाव दिलेल्या व्यक्तीला, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर राज्य सरकारने स्थानिक स्वराज्य संस्थांत असे अभिरक्षक, म्हणजे प्रत जपून ठेवणारे अधिकारी, नेमले. तुमच्या नगरपालिकेतल्या क्लार्कला ते माहीत नसेल, तर अर्ज आवक-जावकला देऊन शिक्का घ्या. मत बदललं तर इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येतं किंवा बदलता येतं; तेव्हा जुन्या प्रती परत गोळा करा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मधलं आगाऊ निर्देशपत्र वेगळं आहे, तो फॉर्म इथे चालत नाही.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रविवारी रात्री भुसावळला दाखल झालेल्या माणसासाठी सोमवारी अकराला लॉकर उघडून उपयोग नसतो. रेशनकार्ड आणि आधार ज्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत ती ठेवा आणि तिचा फोटो नाव दिलेल्या व्यक्तीच्या मोबाइलमध्ये टाकून द्या.